तोंडावर सांगणारा

डिव्हाइस मॅनेजरला कुणी सहज म्हणून भेटायला जात नाही. डेस्कटॉपवर त्याचं चित्र नसतं, स्टार्ट मेन्यूत तो पुढेपुढे करत नाही, आणि कॉम्प्युटर घेतल्यापासून भंगारात घालेपर्यंत त्याचं तोंडही न पाहिलेली माणसं ढिगाने सापडतील. आवाज गेला, नेट गेलं, स्क्रीनवरचे चेहरे एकाएकी पसरट दिसायला लागले, की माझ्यासारख्या कुणाला तरी बोलावणं येतं. मी विंडोजची कळ धरून एक्स दाबतो, मग एम दाबतो, आणि हे गृहस्थ हजर होतात. पांढरं पान, एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला मुंगीएवढं चित्र. विंडोजने गेल्या तीस वर्षांत किती रूपं पालटली. स्टार्टचं बटण काढलं, परत आणलं, मधोमध नेऊन ठेवलं. हा मात्र आहे तिथे, आहे तसा बसून आहे.

सांगलीत हार्डवेअरची कामं करणाऱ्या आम्हा लोकांना गिऱ्हाइकं ‘इंजिनिअर’ म्हणतात. पदवीचा त्यात काही संबंध नसतो; खिशात स्क्रूड्रायव्हर आणि पेनड्राइव्ह असला की झालं. या धंद्यातला माझा सगळ्यात जुना ओळखीचा म्हणजे हाच. त्याचा एक गुण मला फार आवडतो. जे ठाऊक आहे ते तो सांगतो, आणि जे ठाऊक नाही तेही तोंडावर सांगतो. ओळख पटलेल्यांना तो ज्याच्या त्याच्या मथळ्याखाली बसवतो: कीबोर्ड इथे, प्रोसेसर तिथे, डिस्क त्यापलीकडे. ज्यांची ओळख पटत नाही त्यांच्यासाठी ‘अदर डिव्हायसेस’ असा वेगळा मथळा उघडतो आणि प्रत्येकाच्या चित्रावर एक पिवळा त्रिकोण ठेवतो, आत काळं उद्गारचिन्ह. नावच माहीत नसलं तर सरळ लिहितो, ‘अननोन डिव्हाइस’. आमच्या धंद्यात इतक्या मोकळेपणाने ‘मला माहीत नाही’ म्हणणारा दुसरा कुणी मला भेटलेला नाही, माणसांत तर नाहीच.

त्याचा जन्म २४ ऑगस्ट १९९५ चा, विंडोज ९५ च्या बरोबरचा. त्याआधी साउंड कार्ड बसवायचं म्हणजे कार्डावरचे प्लास्टिकचे इवलेसे जंपर चिमट्याने हलवून आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची ओळ, ५ घ्यायची की ७ ते ठरवावं लागे, आणि तीच ७ प्रिंटरच्या पोर्टाने आधीच धरून ठेवलेली नाही ना, हे ज्याचं त्याने बघायचं. विंडोज ९५ ने ‘प्लग अँड प्ले’ आणलं. कार्ड खोचा, यंत्र त्याला विचारेल तू कोण, आणि जागा देईल, असा तो करार. पहिली काही वर्षं करार पाळला जाण्यापेक्षा मोडला जाण्याच्याच गोष्टी जास्त ऐकू येत. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर, भरल्या सभागृहात, विंडोज ९८ ला एक स्कॅनर जोडला गेला आणि पडदा निळा झाला. नव्या उपकरणाची ओळख करून घेताना घरचे मालक समोर उभे असले तरी यंत्राची भंबेरी उडू शकते, हे त्या दिवशी जगाला कळलं. विंडोज एनटीच्या घराण्यात तर त्याला फार उशिरा प्रवेश मिळाला. १९९६ च्या एनटी ४ मध्ये तो नव्हता, विंडोज २००० पासून आला, आणि तेव्हापासून हललेला नाही.

एरवीच्या दिवसांत त्याला फारसं काम नसतं. माउस बदलला, हेडफोन लावला, दोन ओळी इकडच्या तिकडे झाल्या. त्याचा कस लागतो तो मदरबोर्ड बदलल्यावर. गिऱ्हाइकाला वाटतं, एक पार्ट बदलला. खरं तर त्या एका पाटीबरोबर डिस्कचा कंट्रोलर बदलतो, यूएसबीचा बदलतो, लॅन, साउंड, बहुधा ग्राफिक्ससुद्धा बदलतं, आणि या सगळ्यांना प्रोसेसरशी जोडणारा चिपसेट बदलतो. विंडोज मात्र डिस्कवर जशीच्या तशी असते. कालपर्यंतच्या सगळ्या ओळखी तिच्याजवळ लिहिलेल्या, आणि उजाडल्यावर समोर एकही ओळखीचा चेहरा नाही.

एक्सपीच्या काळात हा धक्का यंत्राला सोसत नसे. डिस्क वाचायला कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम, हवा, आणि तो ड्रायव्हर तर डिस्कवर. सुरुवातीलाच कुठला ड्रायव्हर उचलायचा हे एक्सपीने जुन्या बोर्डाप्रमाणे ठरवून ठेवलेलं. नव्या बोर्डाचा कंट्रोलर वेगळा निघाला की निळा पडदा आणि त्यावर ७बी हा आकडा: ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तीच हाताला लागत नाही. मग सीडी घालून रिपेअर इन्स्टॉल, आणि साटा डिस्क असेल तर वेळेवर एफ६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर पाजायचा. फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या मशिनला ड्रायव्हरसाठी फ्लॉपी जोडण्याची वेळ तेव्हा अनेकांवर आली. विंडोज १० पुष्कळ शहाणी आहे. नेहमीच्या कंट्रोलरांचे ड्रायव्हर ती जवळ बाळगते, नव्या बोर्डावर पहिल्यांदा उठताना ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’ म्हणून टक्के मोजत बसते आणि बहुतेक वेळा उठते. उठल्यावर मग डिव्हाइस मॅनेजरची पाळी.

एक काम जवळून दाखवतो. लग्नपत्रिका छापणारी एक प्रेस. नवऱ्याकडे छपाई आणि वहिनींकडे डीटीपी. त्यांचं मशिन एच६१ बोर्डाचं, म्हणजे २०११ च्या पिढीतलं. भारतात या बोर्डाने जितके संसार चालवले तितके क्वचितच कुठल्या बोर्डाने चालवले असतील. त्याजागी एच६१० आला, २०२२ चा. नावात एका शून्याचा फरक, आत अकरा वर्षांचा. रॅम डीडीआर३ ची डीडीआर४ झाली, प्रोसेसर बाराव्या पिढीचा आय३ झाला. एसएसडी तेवढी जुनीच ठेवायची होती, कारण तिच्यावर वहिनींचे फाँट होते, पत्रिकांचे साचे होते आणि ते पुन्हा बसवायचे म्हणजे लग्नसराई बुडाली असती.

“भाऊ, तुम्ही म्हणाला होता नवीन बोर्ड टाकला की मशिन पळेल. हे तर उठेचना.”

“डिस्क दिसतेय वहिनी त्याला. तिच्यावरून सुरू कसं व्हायचं तेवढं कळत नाहीये.”

ते खरं होतं. जुनी विंडोज एमबीआर पद्धतीने, जुन्या बायोसच्या रीतीने बसवलेली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ती जुनी रीत कळत नाही, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर बोर्ड फक्त यूईएफआय या नव्या रीतीने चालतो आणि एमबीआर डिस्कवरून सुरूच होत नाही. दर वेळी बायोसच्या पानावर येऊन थांबतो. यावर मायक्रोसॉफ्टचंच औषध आहे, एमबीआर-टू-जीपीटी नावाचं, २०१७ पासून विंडोजबरोबर येणारं. वहिनींच्या फाइलींची आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढली, विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशिन सुरू केलं, शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली आणि ती एक आज्ञा दिली. फाइलींना धक्का न लागता डिस्कची मांडणी बदलली. मशिन उठलं, टक्के मोजून झाले, वहिनींचा वॉलपेपर आला. पण आला तो १०२४ बाय ७६८ मध्ये, गणपती आडवा ताणलेला. नेट नाही. कोपऱ्यात जगाच्या गोळ्यावर फुली.

एक्स, एम. डिव्हाइस मॅनेजर आला आणि त्याने तक्रारी मांडल्या. ‘इथरनेट कंट्रोलर’, त्रिकोण. ‘एसएम बस कंट्रोलर’, त्रिकोण. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’, त्रिकोण. ‘अननोन डिव्हाइस’, त्रिकोण. ग्राफिक्सच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’, म्हणजे वेळ मारून नेणारा बदली कामगार. माझ्या हाताखालचा पोरगा त्रिकोण पाहूनच हबकला. “दादा, फॉरमॅट मारू का?”

“थांब. आधी त्याला विचार.”

विचारायचं कसं, ते सांगतो. ओळीवर उजवी कळ, प्रॉपर्टीज. पहिल्या पानावर तो तक्रारीचा नंबर देतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. ४३ म्हणजे उपकरणानेच कळवलं की माझं काही खरं नाही, म्हणून त्याला थांबवलं. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब. २८ दिसला की मी निर्धास्त होतो. तिथे काही बिघडलेलं नसतं, फक्त ओळख व्हायची राहिलेली असते. ४३ दिसला की हात आखडतो, कारण तो आकडा कधीकधी हार्डवेअर मेल्याचा निरोप असतो.

मग ‘डिटेल्स’चं पान, आणि तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. इथे हा माणूस आपलं खरं कसब दाखवतो. नाव माहीत नसलं तरी त्याने खूण टिपून ठेवलेली असते: पीसीआय, व्हीईएन ८०८६, डीईव्ही ७एए३, आणि पुढे लांबलचक शेपूट. पहिला आकडा बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. बनवणाऱ्यांचे आकडे पीसीआय-एसआयजी ही संस्था वाटते. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला, १९७८ च्या आपल्या प्रोसेसरचं नाव. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०२२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना हे आकडे फोन नंबरासारखे पाठ असतात. ८०८६ आणि ७एए३ म्हणजे इंटेलच्या ६०० मालिकेतला एसएम बस. ७एई८ म्हणजे त्याच मालिकेतलं मॅनेजमेंट इंजिन. ‘सिंपल कम्युनिकेशन्स’ असं साळसूद नाव घेऊन बसलेलं ते हेच. १०ईसी आणि ८१२५ म्हणजे रिअलटेकची अडीच गिगाबिटची लॅन, जी वहिनींच्या कधीच अपडेट न झालेल्या विंडोजने जन्मात पाहिली नव्हती.

आता अडचण अशी की लॅनचा ड्रायव्हर नेटवर आणि नेट लॅनच्या पलीकडे. बोर्डाच्या खोक्यात सीडी होती आणि नव्या कॅबिनेटला सीडी ड्राइव्ह बसवायला जागाच नव्हती. हा विनोद बोर्ड बनवणारे अनेक वर्षं करत आले आहेत. मी वहिनींचा मोबाइल मागितला, चार्जिंगच्या वायरने मशिनला जोडला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. डिव्हाइस मॅनेजरने तत्क्षणी नवी ओळ घातली, ‘रिमोट एनडीआयएस’ अशी, बिनत्रिकोणाची. बोर्डावर झाळलेली लॅन त्याला ओळखता येईना आणि वहिनींच्या पिशवीतला फोन त्याने लगेच ओळखला. यात जादू नाही. बरेच फोनवाले नेट वाटताना एक ठरलेली भाषा बोलतात आणि त्या भाषेचा एकच सामाईक ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. रिअलटेकची चिप तिच्या स्वतःच्या बोलीत बोलते, आणि ती बोली शिकवायला रिअलटेकच लागतो.

फोनच्या नेटवरून बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर गेलो. इथेही घाई नडते. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन-दोन आवृत्त्या असतात, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘रेव्ह १.०’ किंवा ‘२.०’ छापलेलं असतं, आणि लॅनची चिप दोन्हींत वेगळी असू शकते. टॉर्च लावून ते वाचलं, मग ड्रायव्हर उतरवले. क्रम माझा ठरलेला: आधी चिपसेट, मग मॅनेजमेंट इंजिन, मग लॅन, मग ग्राफिक्स, शेवटी साउंड. चिपसेटचं पॅकेज चालवलं तसा एसएम बसवरचा त्रिकोण गेला, आणि पोराला वाटलं मोठं काहीतरी बसलं. खरं तर काहीच बसलं नव्हतं. इंटेलचं ते पॅकेज म्हणजे बव्हंशी आयएनएफ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली. ७एए३ दिसला तर त्याला अमुक नावाने ओळखा, याला ड्रायव्हरची गरज नाही, एवढंच त्यात लिहिलेलं. एसएम बस आधीपासून ठीकच होता. त्याचं नाव कुणीतरी सांगायला हवं होतं.

ड्रायव्हरच्या पानावर तारखा बघितल्यात का कधी? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर बहुधा एकच तारीख असते, २१ जून २००६, मग फाइल गेल्या महिन्यात का बनलेली असेना. इंटेलच्या चिपसेटच्या नोंदींवर तर १८ जुलै १९६८ असते. त्या दिवशी इंटेल कंपनी स्थापन झाली. ड्रायव्हर कसला, तेव्हा मायक्रोप्रोसेसरही जन्मला नव्हता. गिऱ्हाइक हे पाहून बिथरतं: एवढा जुना ड्रायव्हर घातलात? यामागे शिष्टाचार आहे. एकाच उपकरणाला दोन ड्रायव्हर तंतोतंत जुळले तर विंडोज नव्या तारखेचा निवडते, आणि तारखाही सारख्या निघाल्या तर वरच्या आवृत्तीचा. मायक्रोसॉफ्टने आपल्या ड्रायव्हरांवर मुद्दाम जुनी तारीख ठेवली ती, बनवणाऱ्याचा खास ड्रायव्हर आला की आपला सर्वसाधारण ड्रायव्हर आपोआप मागे सरावा म्हणून. रेमंड चेन या त्यांच्याच प्रोग्रामरने २०१७ साली हे लिहून सांगितलं. इंटेलचंही तेच: नुसतं नाव सांगणाऱ्या नोंदीने खऱ्या ड्रायव्हरची जागा अडवू नये. वय वाढवून सांगून जागा सोडणारी मंडळी मी फक्त डिव्हाइस मॅनेजरच्या घरी पाहिली.

त्याच्यातही खोड्या आहेत. ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबून त्यालाच शोधायला सांगितलं तर बेसिक डिस्प्लेवर बसलेला असतानाही तो खुशाल म्हणतो की उत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. त्याच्या आवाक्यात जेवढे आहेत त्यातला उत्तम, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी खोड याहून फसवी. प्रेसमध्ये सगळे त्रिकोण गेले, गणपती सरळ झाला, तरी पुढच्या जॅकला स्पीकर लावला तर आवाज नाही. प्रॉपर्टीजमध्ये विचारलं तर उत्तर: हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे. पोरगा साउंडचा ड्रायव्हर पुन्हा टाकायला निघाला. मी कॅबिनेटची बाजू उघडली. पुढच्या जॅकची वायर बोर्डाच्या पिनांवर लावायची राहिली होती, लोंबत होती. डिव्हाइस मॅनेजर खोटं बोलला नव्हता. चिप सापडली, ड्रायव्हर चढला, दोघांचं जमलं, इथवर त्याची हद्द. तिच्या पलीकडची वायर बघणं माझं काम.

मेलेल्यांच्या बाबतीत मात्र तो अगदी तलाठ्याच्या वळणाचा आहे. सातबाऱ्यावर खातेदार वारला तरी फेरफार होईपर्यंत त्याचं नाव हलत नाही. याच्या दप्तरीही तसंच. जुना बोर्ड भंगारात गेला तरी त्याच्यावरची लॅन, साउंड, कंट्रोलर, सगळ्यांच्या नोंदी शाबूत असतात. ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हायसेस’ म्हटलं की ती नावं फिक्या चित्रांनी वर येतात. बहुतेक वेळा त्यांचा उपद्रव नसतो. एका पतसंस्थेत मात्र झाला. तिथल्या सर्व्हरचा बोर्ड पावसाळ्यातल्या विजेने गेला, नवा टाकला, लॅनचा ड्रायव्हर नीट बसला. सगळ्या काउंटरांवरची मशिन सर्व्हरला १९२.१६८.१.१० या पत्त्यावर शोधत होती. तो पत्ता नव्या लॅनला द्यायला गेलो तर विंडोजने अडवलं: हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरच्या नावे आहे, आणि तो अडॅप्टर आता या कॉम्प्युटरमध्ये नाही. जळून गेलेल्या लॅनच्या नावावर पत्ता अजून चालू! म्हणूनच नव्या लॅनला ‘इथरनेट २’ असं दुय्यम नाव मिळालं होतं. फिक्या नावांत जुनी लॅन शोधली, अनइन्स्टॉल केली, आणि पत्ता मोकळा झाला. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, “काय बदललंत?” म्हटलं, “साहेब, मयताचं नाव कमी केलं.” त्यांना अधिक सांगावं लागलं नाही, कर्जदारांचे उतारे रोजच त्यांच्या टेबलावर असतात.

त्याची रोजनिशीही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विंडोजच्या फोल्डरात आयएनएफ नावाचं फोल्डर असतं, त्यात सेटअप-एपीआय-डॉट-डेव्ह-डॉट-लॉग ही फाइल. कुठलं उपकरण कधी आलं, त्याच्यासाठी कुठकुठले ड्रायव्हर पारखले, कुणाला का नाकारलं, कुणाला निवडलं, सगळं वेळेसकट लिहिलेलं. इशारा असेल तिथे ओळीच्या आधी एक उद्गारचिन्ह, चूक असेल तिथे तीन. एखादा ड्रायव्हर ‘सक्सेसफुल’ म्हणून बसतो आणि चालत मात्र नाही, तेव्हा मी ही फाइल उघडतो आणि तीन उद्गारचिन्हं शोधतो. वरवर दोन शब्दांत उत्तर देणारा हा माणूस रोजनिशीत पानंच्या पानं मोकळा होतो.

एवढी पारख कशासाठी? कारण ड्रायव्हर हा साधा प्रोग्राम नाही. तो विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतो. वर्ड बंद पडला तर वर्ड बंद पडतो. तिथला ड्रायव्हर घसरला तर सगळं यंत्र घेऊन पडतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरला पाठवलेली एक सदोष फाइल एवढी पुरली की, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. गाभ्यातला हा धोका जुना, म्हणून ६४ बिटच्या विंडोजमध्ये व्हिस्टापासूनच सहीशिक्क्याशिवायच्या ड्रायव्हरला गाभ्यात प्रवेश नाही. तसा कुणी आला की डिव्हाइस मॅनेजर ५२ नंबर दाखवून दारातच अडवतो. आणि म्हणूनच ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे जे गठ्ठे पेनड्राइव्हवरून गावभर फिरतात ते मी वापरत नाही. ते त्रिकोण घालवतात खरं, पण कुणाच्या जागी कुणाला बसवतात याचा पत्ता लागत नाही, आणि ड्रायव्हरांसोबत आगंतुक ब्राउझर नि फुकटचे अँटिव्हायरस घरात घुसतात ते वेगळंच.

त्याचा एक भाऊबंद लिनक्सच्या घरी असतो. तिथे बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या बोर्डावर लावली तरी ती बहुधा काही न बोलता उठते. लॅनचं नाव तेवढं बदलतं आणि जुन्या नावाने लिहिलेली सेटिंग त्या नावालाच शोधत बसते. तिथे एलएसपीसीआय ही आज्ञा तेच ८०८६ आणि १०ईसी दाखवते. विंडोजमध्ये एखाद्या आकड्याचा मालक सापडेना तर लिनक्सवाल्यांनी हौसेने जमवलेल्या यादीत तो सापडतो. त्या मंडळींना ड्रायव्हरबद्दल एवढी आस्था असण्याला इतिहास आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतला झेरॉक्सचा लेसर प्रिंटर कागद अडकला तरी कुणाला कळवत नसे. रिचर्ड स्टॉलमन यांना तेवढं कळवण्याची सोय त्याच्या ड्रायव्हरमध्ये करायची होती, पण मूळ प्रोग्राम त्यांना नाकारण्यात आला. तो नकार त्यांच्या मनात राहिला आणि १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

लायसन्स आणि कुलपं यांच्याशी आमच्या गृहस्थांचा संबंध नाही, पण बोर्ड बदलणाऱ्याने ती आधी बघावीत. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः बोर्डाशी बांधलेलं असतं. जुन्या बोर्डावर असतानाच ते मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवलं तर ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं’ असं सांगून पुन्हा मिळवता येतं. मशिनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मात्र बोर्डाबरोबरच जातं. बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप चालू असेल तर नव्या बोर्डावर ४८ आकडी किल्ली विचारली जाते. ती आधीच लिहून घेतलेली नसेल तर पुढे कुठलाच ड्रायव्हर कामाचा नाही.

राहिला फॉरमॅट. आमच्या धंद्यात सगळ्या रोगांवर तेच एक औषध चालतं. मशिन हळू झालं, फॉरमॅट मारा. व्हायरस आला, फॉरमॅट मारा. बोर्ड बदलला आणि त्रिकोण दिसले, फॉरमॅट मारा. पहिल्या दोनांत निदान काही अर्थ असतो. तिसऱ्यात काय होतं ते मी पोराला दुकानातल्या एका रिकाम्या डिस्कवर करून दाखवलं. त्याच एच६१० वर वहिनींच्या डिस्कवर होती तीच विंडोज कोरी टाकली आणि त्याला म्हटलं, आता एक्स, एम दाब. इथरनेट कंट्रोलर. एसएम बस कंट्रोलर. सिंपल कम्युनिकेशन्स. अननोन डिव्हाइस. चारही त्रिकोण जागच्या जागी, कारण बोर्ड तोच होता आणि नव्या विंडोजलाही त्याची ओळख नव्हतीच. वहिनींच्या डिस्कवर हेच केलं असतं तर फाँट गेले असते, साचे गेले असते, आणि त्रिकोण तेवढे राहिले असते. पोराने काही न बोलता पहिल्या ओळीवर उजवी कळ दाबली, डिटेल्स उघडलं आणि वहीत आकडा उतरवून घेतला.